स्कूटरचा मोबाइल होल्डर: पकड मस्त, पण पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका

नाशिकमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं माझं काम. सकाळी साडेसहाला निघायचं, दहाच्या आत सगळे उपाशीपोटीचे नमुने गोळा करून लॅबला पोचवायचे. स्कूटर, बर्फाचा डबा आणि फोन, यातलं एक जरी बिघडलं तरी सकाळ वाया. म्हणून चार पंजांचा, आरशाच्या नटाखाली बसणारा लोखंडी होल्डर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पाकिटावर एक नाव आहे आणि होल्डरवर दुसरंच कोरलंय.

आधी बसवण्याचं सांगतो. स्कूटरच्या हँडलवर प्लास्टिकचं कव्हर असतं, त्यामुळे मोटरसायकलच्या उघड्या दांड्याला आवळायचा होल्डर इथे चालत नाही. आरशाच्या दांडीवर बसणाराच मागा. पाकिटात एल आकाराचा छोटा पाना येतो, पण आरशाचा नट खोलायचा मोठा पाना येत नाही. दुकानदाराने दोन मिनिटांत बसवून दिला आणि त्याचे वेगळे पन्नास घेतले. डावीकडेच लावा. मागून ओव्हरटेक करणारे उजव्या आरशात दिसतात, तो आरसा फोनने झाकून घेण्यात काही शहाणपणा नाही. आणखी एक, फोनच्या वजनाने आणि हादऱ्यांनी आरसा हळूहळू ढिला पडून फिरतो. अधूनमधून नट आवळत राहावं लागतं.

पकडीला मात्र पैकीच्या पैकी. सिडकोतले गल्लोगल्लीचे स्पीडब्रेकर, पावसाळ्यात मुंबई नाक्याकडे पडणारे खड्डे, सगळीकडून फिरलो, फोन जागचा हलला नाही. त्रास वेगळाच आहे. बाजूचा पंजा बटणांवर आला की गाडी हादरेल तशी ती दाबली जातात. माझ्या गॅलरीत पाथर्डी फाट्याच्या नकाशाचे इतके स्क्रीनशॉट साठलेत की नवीन माणसाला वाटेल मी तिथे प्लॉट बघतोय. पंजे थोडे खाली सरकवले की हे थांबतं. एप्रिल-मे मध्ये अकरानंतर फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते आणि नेमकं वळणाच्या वेळी काही दिसत नाही. पावसात वरून पारदर्शक पाऊच घालायला लागतो, त्यातून बोट नीट चालत नाही. तसं ते एका अर्थी बरंच आहे. का ते पुढे येईल.

महागडा फोन असेल तर आणखी एक गोष्ट बघा. मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनाच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि ऑटोफोकस बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलने स्वतःच २०२१ मध्ये दिला होता. स्कूटरचे हादरे त्या मानाने कमी, तरी तिथेही हादरे शोषणारा होल्डर वापरा असं त्यांचं म्हणणं होतं. मला डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो लॅबला पाठवावे लागतात. डॉक्टरांचं अक्षर आधीच तसं, त्यात फोटो हलला तर थायरॉइडच्या जागी भलतीच टेस्ट लागायची. म्हणून मी हादरे शोषणाऱ्या रबरी तुकड्याचा होल्डर निवडला. तो शंभर-दीडशेने महाग मिळतो.

आता पाकिटावरच्या चित्राबद्दल. हेल्मेट घातलेला एक गोरापान माणूस स्कूटर चालवतोय, समोर होल्डरमध्ये फोन, फोनवर कॉल चालू, आणि गडी हसतोय. माझी खरी तक्रार त्या चित्राशी आहे.

माझे पेशंट बारा-बारा तास उपाशी असतात. शुगरची टेस्ट, म्हणजे चहासुद्धा नाही. सात वाजून पाच मिनिटं झाली की फोन सुरू होतात. "अहो भाऊ, कुठपर्यंत आलात? सकाळपासून पाण्यावर बसलोय." त्यांचंही चुकत नाही. मधेच लॅबमधून मॅडमचा फोन, गंगापूर रोडला एक अर्जंट आहे, जाता जाता घ्या. जाता जाता म्हणजे द्वारका चौक ओलांडून परत उलटं. फोन खिशात असला की नुसता वाजतो आणि थांबतो. होल्डरमध्ये तो नावानिशी बोलावतो. वर कॉल आला की नकाशाच्या वरची पट्टी झाकली जाते, म्हणजे पुढे डावीकडे वळायचं की सरळ जायचं ते दिसतच नाही. तिथे हिरवं आणि लाल बटण येतं, आणि ते डाव्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर असतं.

चाळीसच्या वेगाने स्कूटर सेकंदाला अकरा मीटर जाते. नाव वाचून उचलू की नको हे ठरवायला दोनच सेकंद लागले असं धरलं तरी बावीस मीटर झाले. उत्तमनगरच्या गल्लीत तेवढ्यात तीन-चार रो-हाऊसची फाटकं मागे पडतात, आणि शाळेच्या वेळेला कुठल्याही फाटकातून पोरगं सायकल घेऊन सरळ रस्त्यावर येतं.

कायदा काय म्हणतो ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना धड माहीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या फोनचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात धरला गेला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून कोर्टात न जाता भरायची तडजोडीची रक्कम दुचाकीला एक हजार, चारचाकीला दोन हजार आहे, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दहा हजार. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्राच्या नियमांत रस्ता बघण्यापुरता फोन वापरायची मुभा आहे, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे होल्डरमधला नकाशा नियमात बसतो. सिग्नलवरचे हवालदार होल्डरकडे बघून काही म्हणत नाहीत, हेल्मेटमध्ये फोन कोंबून कानाशी बोलणाऱ्याला मात्र बरोबर बाजूला घेतात. मग होल्डर किंवा इअरबड लावून मोकळ्या हाताने बोलणाऱ्याचं काय? सगळा भर 'हातात' या शब्दावर असल्यामुळे तो बिनधास्त आहे, आणि पाकिटावरचा गडी त्याच जोरावर हसतोय.

हात मोकळे असले म्हणून डोकं मोकळं असतं असं नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून हे तपासलं होतं. फोन हातात धरून बोलणारे आणि हात मोकळे ठेवून बोलणारे यांच्यात फारसा फरक निघाला नाही, ब्रेक दोघांचेही उशिराच लागत होते. मित्र म्हणतात, मग मागे बसलेल्या माणसाशी तरी का बोलायचं? फरक आहे राव. मागे बसलेली बायको समोर ट्रक दिसला की बोलायची थांबते आणि खांदा दाबते. फोनवरच्या काकांना ट्रक दिसत नाही, त्यांचं किडनीच्या टेस्टचं, क्रिएटिनिनचंच चालू असतं.

आमच्या नमुने घेणाऱ्यांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, गाडीवर फोनला सरसकट बंदी घाला, होल्डर विकायलाच बंदी घाला. तो गावात पंचवीस वर्षं फिरलाय, त्याला प्रत्येक सोसायटी पाठ आहे. नवीन पोरांना ते कसं जमायचं? पवननगरात रो-हाऊसचे नंबर कुठून कुठे उडी मारतात ते देवालाच ठाऊक. दर चौकात गाडी थांबवून विचारत बसले तर नमुना लॅबला पोचेस्तोवर दुपार होईल. माझं मत असं की नकाशा राहू द्या, बोलणं बंद करा, मोकळ्या हातांचं बोलणंसुद्धा. अडचण एकच, हे पकडणार कसं? हेल्मेटमध्ये ओठ हलतायत म्हणून पावती फाडली, आणि तो मारुतीस्तोत्र म्हणत असला तर?

म्हणून मला वाटतं की बंदीचं दुसरं टोक फोन करणाऱ्याकडे आणि कामावर ठेवणाऱ्याकडे असायला हवं. एसटी महामंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून चालकांना गाडी चालवताना मोबाइल आणि हेडफोन वापरायला मनाई केली. तरी मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरीत एक चालक क्रिकेटची मॅच बघत गाडी चालवताना प्रवाशाला दिसला, व्हिडिओ परिवहनमंत्र्यांपर्यंत गेला आणि चालकाची नोकरी गेली. तिथे नियम होता, प्रवासी डोळे उघडे ठेवून होता, म्हणून कारवाई तरी झाली. दुचाकीवरून सामान पोचवणारी, नमुने घेणारी, वसुली करणारी आम्ही पोरं. आमचा मालकच दर दहा मिनिटांनी फोन करतो आणि नाही उचलला तर "फोन का उचलत नाही?" म्हणून झापतो. दंड भरायचा मात्र चालवणाऱ्याने.

मी काय करतो ते सांगतो, होल्डर घेणाऱ्याला उपयोगी पडेल. निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पेशंटला लाइव्ह लोकेशन आणि एक ओळ: "निघालो आहे. गाडीवर फोन उचलत नाही, तुम्ही नकाशावर बघू शकता." मग फोनवर डू नॉट डिस्टर्ब, नकाशाचा आवाज चालू. मॅडमना सांगून ठेवलंय, अर्जंट असेल तर मेसेज टाका, मी पुढच्या पेशंटच्या दारात वाचतो. पहिले काही दिवस कुरकुर झाली, आता त्यांना सवय झाली. पेशंटचे फोन बरेच कमी झाले. त्याबदल्यात चौकशी वाढली. इंदिरानगरचे एक काका दंडाला पट्टा बांधतानाच विचारतात, "काय हो, द्वारकेला आज पंधरा मिनिटं अडकला होतात ना?"

तर होल्डर घ्या. साध्याला साडेतीनशे-साडेचारशे, रबरी तुकड्याच्याला पाचशे-सहाशे, त्याहून जास्त देऊ नका. चार्जिंगची वायर जोडलेला प्रकार पावसात टिकत नाही, तो नकोच. पकडीला पाच तारे, बटणं दाबली जातात म्हणून एक वजा, पाना दिला नाही म्हणून अर्धा वजा. कॉल उचलायला सोपं जाईल म्हणून घेत असाल, तर पैसे खिशात ठेवा आणि फोनही खिशातच राहू द्या.