सिंहगड रस्त्यावरील वृद्धनिवास: आईच्या नऊ महिन्यांच्या वास्तव्यानंतर

सिंहगड रस्त्यावरील ज्या वृद्धनिवासात माझी ८२ वर्षांची आई गेले नऊ महिने राहत आहे, तेथील जेवण, बाग आणि संध्याकाळचे भजन यांविषयी एकाच वाक्यात लिहिता येईल: तिन्ही ठीक आहेत, आमटी मात्र जरा पातळ असते. ज्या गोष्टीसाठी मी या जागेला चांगले गुण देते, ती त्यांच्या माहितीपत्रकात कोठेही छापलेली नाही. ती म्हणजे लघवीवरचा ताबा सुटलेल्या माणसांची येथे घेतली जाणारी काळजी. पुढे तक्रारही असल्यामुळे निवासाचे नाव देत नाही.

यापूर्वी आई शहरातील दुसऱ्या एका वृद्धाश्रमात होती. तेथे तिसऱ्याच दिवशी तिला चोवीस तास डायपर लावण्यास सुरुवात झाली. वास्तविक लघवी लागल्याचे तिला नीट कळत होते. अडचण होती ती गुडघ्यांची. पलंगावरून उठून वॉकर धरून कमोडपर्यंत पोहोचायला तिला पाच मिनिटे लागत आणि तेवढा धीर धरवत नसे. "आजी, डायपर आहे ना, त्यातच करा," हे रोज ऐकल्यावर तिने सांगणेच सोडून दिले. रात्री गादी भिजू नये म्हणून संध्याकाळनंतर तिचे पाणीही तोडले जाई. पाणी कमी पडले की लघवी गडद होऊन जळजळ वाढते, शौचाला खडा होतो आणि भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो. म्हणजे ज्या त्रासासाठी पाणी तोडायचे, तोच वाढवून घ्यायचा. दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, जांघेतली कातडी सोलवटली, तेव्हा आम्ही तिला तेथून हलवले.

येथे पहिले तीन दिवस फक्त नोंद ठेवण्यात आली. बाथरूमच्या दाराला खिळ्यावर सुतळीने अडकवलेली एक दोनशेपानी वही आहे. तीत निळ्या पेनाने लिहिलेले असते: "६.१५ झाली. ८.३० कोरडे. १०.४० थोडे ओले, चहानंतर." या वहीवरून दिसले की सर्वाधिक भिजणे रात्री आठ ते अकरा या वेळेत होते आणि अंगावरची सूज उतरवण्यासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी पाचला दिली जात होती. निवासाला भेट देणाऱ्या डॉक्टरांनी ती सकाळच्या नाश्त्यानंतर देण्यास सांगितले. गोळीचा जोर ओसरेपर्यंत दर दीड तासाने आणि नंतर दर दोन तासांनी आईला बाथरूमला नेण्याचे ठरले. इतके साधे काम आधीच्या ठिकाणी कोणालाच का सुचले नाही, याचा मला आजही राग येतो.

नेण्याची पद्धत विशेष पाहण्यासारखी आहे. आईला थोडे विस्मरण आहे, "लघवी लागली का?" असे चारचौघांत विचारले की ती ठामपणे "नाही" म्हणते. त्यामुळे मावशी तसे विचारतच नाहीत. "आजी, चला, तुळशीला पाणी घालून येऊ," असे म्हणून त्या तिला उठवतात, आणि तुळशीची वाट बाथरूमवरून जाते. कमोडची बैठक उंच केलेली आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत, आणि नाडीच्या परकराऐवजी आता ती गाऊन घालते. साधारण दीड महिन्यात तिचा दिवसाचा डायपर सुटला. रात्री तो लागतोच, आणि यापुढेही लागेल. जांघेत आणि माकडहाडापाशी कातडी लाल दिसते का, हे रोज आंघोळीच्या वेळी पाहिले जाते; कोमट पाण्याने पुसून, न घासता टिपून, वर झिंक ऑक्साइडचे मलम लावतात. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे दिले जातात. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची मागणी लावून धरली होती, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनीही डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरून ते गुंडाळून देणे बंधनकारक केले. तरी आमच्या सोसायटीत अजून ते ओल्या कचऱ्यात सापडतात.

आता तक्रार. रात्री चौदा जणांमागे एकच मावशी असतात. एका फेरीत सर्वांचे बदलून होईपर्यंत पहाट होते, आणि मी दोनदा सकाळी सातला गेले तेव्हा आईचा डायपर जड होऊन लोंबत होता. वहीत मात्र तीन वाजता "बदलला" अशी नोंद होती. दिवसाच्या वहीवर माझा विश्वास आहे, रात्रीच्या नाही. शिवाय बिलात अजूनही रोजचे चार डायपर लावले जातात, वापर एकाचा किंवा फार तर दोन डायपरचा असताना. व्यवस्थापकांनी बिलाची चूक मान्य करून पुढच्या महिन्यात रक्कम वळती करण्याचे सांगितले आहे. रात्रीसाठी दुसऱ्या मावशी नेमाव्यात, असे पत्र आम्ही सहा कुटुंबांनी सह्या करून दिले आहे. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही.