तंजावर की कुंभकोणम: मुक्काम कुठे ठेवावा?

तंजावर जिल्ह्यात जायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: राहायचं कुठे, तंजावरला की कुंभकोणमला? दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, मध्ये चाळीसेक किलोमीटर, बस आणि रेल्वे दोन्हींची सोय. त्यामुळे कुठेही राहिलं तरी सारखंच, असं बरेच जण सांगतात. मला मात्र फरक जाणवला. पहिल्या वेळी आई-बाबांना घेऊन कुंभकोणमला राहिलो, दुसऱ्या वेळी तंजावरला. तंजावरचं बृहदीश्वर देऊळ कोणी बांधलं, शिखर किती उंच, हे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देतो.

आधी कुंभकोणमबद्दल, कारण त्या गावाची बाजू खरोखरच भक्कम आहे. सकाळी साडेसहाला बाहेर पडा. शार्ङ्गपाणीच्या गोपुराखालची रांगोळी अजून ओली असते, कोपऱ्यावरच्या हॉटेलात पितळी दवरा-टंबलरमधून, म्हणजे वाटी-पेल्याच्या जोडीतून, कॉफी येते, आणि तशी कॉफी मला तंजावरला मिळाली नाही. त्याच देवळासमोरच्या रस्त्यावर गणिती रामानुजन यांचं लहानपणीचं घर जपून ठेवलेलं आहे. दहा मिनिटांत पाहून होतं, पण चुकवू नका. दारासुरम जवळच, चारेक किलोमीटरवर. ऐरावतेश्वराचा रथासारखा मंडप उन्हं कलल्यावर बघावा, मग त्याच्या खांबांवरची बोटभर उंचीची माणसंसुद्धा स्पष्ट दिसतात. स्वामीमलैला मूर्तिकारांच्या कार्यशाळेत आम्ही तासभर बसलो होतो. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, मग भट्टी. मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावा लागतो, म्हणून त्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. बाबा अजूनही त्या मेणाच्या बोटांबद्दल बोलतात.

आपल्या माणसांच्या खुणा फक्त तंजावरला आहेत असंही नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमच्याच मराठी घरात जन्मले.

मग अडलं कुठे? दुपारी.

या भागातली बहुतेक देवळं साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारला उघडतात. हे वाचून गेलो होतो, पण वाचणं वेगळं आणि आई-वडिलांना घेऊन ते साडेतीन तास काढणं वेगळं. कुंभकोणम हे देवळांचंच गाव. देऊळ मिटलं की गाव मिटतं. पहिल्या दिवशी नागेश्वराचं दर्शन घेऊन कुंभेश्वराकडे निघालो आणि पोहोचेपर्यंत दार ओढून घेत होते. महामहम तलावाच्या काठी जे सोळा मंडप आहेत, त्यांतल्या एकाच्या सावलीत आईला बसवलं. पाणी अगदी निश्चल होतं, वारा नव्हता, तिच्या पदराची घडी घामाने अंगाला चिकटली होती. शेवटी लॉजवर परतलो आणि पंख्याखाली घड्याळ बघत पडलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तीन दिवसांतले दहा-साडेदहा तास असे गेले. कुणाला ही विश्रांती वाटेल, लहान मुलं बरोबर असतील तर बरीही वाटेल. मला ते तास फार लागले, कारण तिथवर पुन्हा कधी येणं होईल हे आई-बाबांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वेळी तंजावरला राहिलो, तेव्हा हीच दुपार दिवसातली सगळ्यात भरलेली वेळ ठरली. इथेही बृहदीश्वराचा गाभारा बंद होतो, पण वाड्यात जाता येतं. आधी नायक राजांचा, नंतर भोसल्यांचा हा राजवाडा. त्यातल्या कलादालनात तिरुवेंकाडूच्या जमिनीत सापडलेला इ.स. १०११ चा कांस्याचा वृषभवाहन शिव आहे. तो एक पाय दुसऱ्यापुढे तिरपा टाकून उभा आहे, केसांचा फेटा बांधलेला, फेट्यात साप, आणि एक हात हवेत टेकलेला. ज्या नंदीवर तो हात होता, तो नंदी हरवला आहे. तरी त्या कोपराकडे, सैल सोडलेल्या बोटांकडे बघताना बैलाची पाठ किती उंच असेल ते नजरेला कळतं. दुपारी गर्दी नव्हती, मी अर्धा तास तिथेच उभा होतो. कुंभकोणमहून धावत आलो असतो तर हे पाच मिनिटांत उरकावं लागलं असतं.

शेजारीच सरस्वती महाल, राजांचं ग्रंथालय. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात इथे राज्य उभं केलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. त्यातले दुसरे सरफोजी हे मला सगळ्यांत जवळचे वाटतात. १७९९ च्या तहात कारभार इंग्रजांकडे गेला, पुढची तीसेक वर्षं या माणसाने ग्रंथ जमवण्यात घातली. ताडपत्रं, मोडी दफ्तर, डोळ्यांच्या रुग्णांची चित्रांसह टिपणं, सगळं या संग्रहात आहे. पाहुण्यांसाठीचं दालन लहान आहे, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

संध्याकाळी मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वरात, गेलात की मागे, प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला जा. तिथल्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. आठ दिवस एकही पाटी धड वाचता न आलेल्या माणसाला हजार वर्षांच्या चोळ देवळात अचानक आपली अक्षरं लागू लागतात, तेव्हा काय होतं हे तिथेच कळेल. मी बोट हवेत धरून ओळींमागून ओळी वाचत गेलो आणि फार वाटलं, आई इथे हवी होती.

हवेचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच: दमट, कावेरीच्या खोऱ्यातली. आपला पावसाळा तिथे कोरडाच वाटतो, खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आखणी करू नका. एप्रिल-मे तर नकोच. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, पुष्य वद्य पंचमीला तंजावरपासून तेरा किलोमीटरवर तिरुवैयारूला कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा संगीतोत्सव, असते, मात्र त्या दिवसांत खोल्या आधी धरून ठेवा. एक फरक आहे. बृहदीश्वराचं अंगण उघडं आहे, अकरानंतर फरशी तळव्यांना चटके देते. कुंभकोणमची देवळं छपराखालची, गार.

नवग्रहांची यात्रा करायची असेल, तर तिथल्या बहुतेक क्षेत्रांना कुंभकोणमच सोयीचं, त्यात वाद नाही. नाहीतर मी म्हणेन, तंजावरला तीन रात्री राहा आणि एक दिवस पहाटेच्या गाडीने कुंभकोणमला जा: आधी कॉफी, मग शार्ङ्गपाणी, बारापर्यंत स्वामीमलै, चारनंतर दारासुरम. मधल्या वेळेसाठी एखादं वातानुकूलित हॉटेल हेरून ठेवा आणि जेवण सावकाश करा.