तलावाचं पाणी-गाळ तपासणी सर्विस : ४ स्टार

भंडाऱ्याकडे मामा तलावात (जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव) मासे पाळणाऱ्यांनी ही तपासणी एकदा कराच राजेहो. बाकीचे वरचं पाणी बाटलीत भरून नेतात अन् रिपोर्ट देतात, यांनी तळाचं पाणी, गाळ, तळाचा ऑक्सिजन सगळं पाह्यलं. उन्हाळ्यात वारा पडला अन् तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोखंडानं धरून ठेवलेला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, सुटून पाण्यात येते, म्हणून वावरातलं खत वाहून येणं थांबवलं तरी शेवाळ काही वर्षं वाढतच राह्यते, हे पाळीवर बसून नीट सांगतलं, बिलकुल घाई नाही केली. गाळ काढा नाहीतर तळाशी हवा सोडा म्हणे, उगाच औषध नाही विकलं! रिपोर्ट मात्र मराठीत पाहिजे होता.