कट्टी लांब, बट्टी आखूड: सुट्टीतल्या मैत्रीच्या कार्टून्सचा दिवाळी ते मे अनुभव

मे महिन्यातही ऑटोपेने कार्टूनच्या सबस्क्रिप्शनचे पैसे खात्यातून आपोआप कापले, तेव्हा हिशेब मांडणं भाग पडलं. दिवाळी, नाताळ आणि मे अशा तिन्ही सुट्ट्यांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘सौम्य’, ‘मैत्रीची’ म्हणून लावलेली कार्टून्स पैसे वसूल करतात का? काही करतात. सुट्टी स्पेशल म्हणून वर झळकतात ती बहुतेक नाहीत. पेपा, ब्लुई, माशा ही कार्टून-पात्रं कोण हे छोट्या शिशूतल्या मुलांच्या आईबाबांना सांगायला नको, म्हणून थेट मुद्दा.

मुद्दा एकच, आणि तो ताणून लिहिणार आहे: कट्टी किती मिनिटं चालते आणि बट्टी किती सेकंदांत उरकते.

सणाचे खास भाग साधारण २२ मिनिटांचे असतात. अर्ध्या तासाच्या टीव्ही स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की तेवढेच उरतात. एरवी ५-७ मिनिटांत संपणारं भांडण या २२ मिनिटांत पसरवायचं, तर गैरसमज वाढवावा लागतो, एकाला रुसून निघून जावं लागतं, मग वादळ येतं, शोधाशोध होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिठी, गाणं आणि बनवणाऱ्यांची नावं. मोठ्यांना गोष्ट कळते. साडेतीन वर्षांच्या मुलाला सुरुवातीचं भांडण आणि शेवटची मिठी यांचा धागा जुळवता येत नाही. त्याच्या लक्षात राहतं ते जास्त वेळ दिसलेलं, म्हणजे ‘तू आमच्यात नाहीस’. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शैक्षणिक कार्यक्रम जास्त पाहणाऱ्या बालवाडीतल्या मुलांमध्ये ‘तुला खेळायला घेणार नाही’ छापाचं वागणं जास्त आढळलं होतं. संशोधकांचा अंदाज हाच की मुलं भांडण उचलतात, त्याचा शेवट त्याला जोडत नाहीत.

म्हणून भाग निवडताना मुलाला बसवण्याआधी आपण दीड मिनिट खर्च करावं. व्हिडिओची पट्टी बरोबर मध्यावर ओढायची आणि अर्धा मिनिट बघायचं. मग पाऊण भागावर ओढायची, पुन्हा अर्धा मिनिट. मध्यावर रुसवा असला तर चालेल. पाऊण भागावरही कोणी एकटं बसून रडत असेल, तर तो भाग बाद. शेवटचं अर्धा मिनिट बघायचं ते समेट कसा होतो यासाठी. कोणी काही देतं, वाटून घेतं, थांबतं, मोडलेलं पुन्हा बांधतं, असं काहीतरी हातांनी केलेलं दिसायला हवं. नुसतं ‘सॉरी’ आणि ढोलताशा असेल, तर बट्टी झालीच नाही असं समजा.

या चाळणीतून पेपा बऱ्यापैकी पार होते. पाच मिनिटांचा भाग, त्यामुळे रुसवा ताणायला जागाच नाही. ब्लुई (२०१८ पासून, सात-सात मिनिटं) लिखाणात सगळ्यांत सरस आहे, पण अर्धे विनोद आईबाबांसाठी असतात आणि खेळाचे नियम बदलतात तिथे चार वर्षांखालचं मूल अडखळतं. माशा मजेदार आहे, हसवते; मात्र गोंधळ ती घालणार आणि निस्तरणार अस्वल, हे मैत्रीच्या यादीत बसत नाही. गंमत म्हणून लावा.

दोन नावांबद्दल स्वतंत्र इशारा, कारण ‘नाताळ’ शोधलं की ती हमखास पुढे येतात. ‘द स्नोमॅन’ (१९८२, २६ मिनिटं, संवाद नाहीत) अप्रतिम आहे, पण सकाळी मित्र वितळलेला असतो आणि फिल्म तिथेच संपते. तीन वर्षांच्या मुलाला झोपायच्या आधी हे दाखवू नये. ‘शॉन द शीप’ या मेंढ्यांच्या कार्टूनचा २०२१चा अर्ध्या तासाचा नाताळ भाग धमाल आहे, मात्र त्यात टिमी हे छोटं कोकरू चुकून कळपापासून दूर जातो आणि मधला बराच वेळ सापडत नाही. पाच वर्षांच्या मुलाला हे साहस वाटेल. त्याहून लहान मूल पडद्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघेल.

आता मत बदललं तो भाग. दिवाळीत ‘टिमी टाइम’ला या यादीत तळाला जागा होती: संवाद नाहीत, मराठी नाही, हिंदीही नाही, फक्त बें बें. मेअखेर तो पहिल्या क्रमांकावर आहे. याच टिमीची बालवाडी, दहा-दहा मिनिटांचे भाग, भांडणाचं कारण एखादं खेळणं किंवा रांगेतला नंबर. संवाद नाहीत हाच त्याचा गुण. हिंदी डबिंगमध्ये मूळ भागापेक्षा आवाज चढा असतो, आणि ‘जा, तू मेरा दोस्त नहीं’ ही वाक्यं दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या गच्चीवर जशीच्या तशी ऐकू येतात. बें बें कोणी पाठ करत नाही. शिवाय शेजारी बसलेली आजी स्वतःच्या मराठीत गोष्ट सांगू शकते, मध्येच थांबवून ‘आता याने काय करावं रे?’ विचारू शकते. थांबवायची जागा: भांडण होऊन समेट सुरू व्हायच्या आधी. तुटलेला धागा तिथेच जोडला जातो.

वेगाचंही बघा. २०११च्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी फक्त नऊ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलं आणि लगेच दिलेल्या, संयम लागणाऱ्या कामांत ती मागे पडली. त्या कार्टूनमध्ये सरासरी ११ सेकंदांनी पूर्ण दृश्य बदलत होतं, शांत कार्टूनमध्ये ३४ सेकंदांनी. घरी मोजायचं तर एका मिनिटात जागा किती वेळा बदलली ते बोटांवर मोजा. पाच-सहापर्यंत गेली तर पुढे चला. ‘यू’ प्रमाणपत्र यातलं काहीच सांगत नाही.

पैसे. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो टीव्हीवर चालत नाही आणि मूल फोनला नाक लावून बसतं. १९९चा बेसिक टीव्हीवर चालतो. त्यातलं ७२० पी दर्जाचं चित्र कार्टूनला भरपूर झालं. त्यावरचे प्लॅन या कामासाठी घेणं म्हणजे उधळपट्टी. घेतल्या घेतल्या वेबसाइटवर अकाउंटमध्ये जाऊन मुलांच्या प्रोफाइलचा ‘पुढचा भाग आपोआप’ आणि ‘प्रिव्ह्यू आपोआप’ या दोन्ही खुणा काढा. नाहीतर बट्टी होऊन नावं सुरू होतात न होतात तोच पुढची कट्टी सुरू. चाळणीत बाद झालेले कार्यक्रम तिथेच पॅरेंटल कंट्रोलमध्ये नावाने ब्लॉक करता येतात. दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये (नाव घेत नाही) असं काही बंद करायची सोयच सापडली नाही, आणि तीन वेळा विचारल्यावर कस्टमर केअरने ‘अ‍ॅप अपडेट करून पाहा’ एवढंच कळवलं. ते सबस्क्रिप्शन गेलं.

फुकटात भागवायचं तर यूट्यूब किड्स. कुलपाच्या खुणेवर दाबून, गणित सोडवून, मुलाच्या सेटिंगमध्ये ‘फक्त मंजूर केलेलं’ निवडलं की सर्च बंद होतो आणि आपण निवडलेलंच दिसतं. मंजुरी पूर्ण चॅनेलला देऊ नका, एकेका व्हिडिओला द्या. अधिकृत चॅनेलवरही तासाभराचे जोड-व्हिडिओ असतात आणि त्यात कुठला भाग शिरलाय ते कळत नाही. टायमर तिथेच मिळतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय. सात मिनिटांचे दोन भाग आणि मधे प्रश्न विचारायला पाच मिनिटं, इतकं बसवलं तर त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

गावी जाणाऱ्यांसाठी: कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज जाते, एकटा करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा. भाग आधी डाउनलोड करा, पण आदल्या रात्री ‘चालतंय का’ बघायला प्रत्येक भाग सुरू करू नका. नेटफ्लिक्सवर काही भाग पहिल्यांदा सुरू केल्यापासून ४८ तासांतच संपतात, परतीच्या गाडीत मग रिकामी यादी. चाचणी एकाच भागावर, तीही एअरप्लेन मोडमध्ये.

आणि ऑटोपे. पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, ती जाहिरातींच्या मेसेजमध्ये बुडते. यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) तिथूनच थांबवता किंवा रद्द करता येतं, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बटण शोधत बसायची गरज नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पुढची वजावट त्याआधीच्या तारखेला पडत असेल तर मे संपायच्या आतच थांबवा, दिवाळीला पुन्हा चालू करता येईल.