नौपाड्यातली अभ्यासिका: माणसं चार, प्लग एक

मल्टिमोडल लेखनावरचा (म्हणजे शब्द, चित्र, आवाज असं सगळं एकत्र वापरणारं लेखन) विकिपीडियाचा मराठी लेख आम्ही चौघांनी इथे बसून लिहिला. तासाला माणशी ३० रुपये. गोखले रोडचा गोंगाट जिना चढेपर्यंतच. वर इतकी शांतता, की बोलायलाच बंदी. मग आमची भांडणं लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे विकिपीडियावर संपादक लेखाबद्दल बोलतात तिथे! तेच बरं झालं, वाद लेखी राहिला. 'मल्टिमोडल'मधल्या 'मोड'ला मराठीत काय म्हणायचं? मला तर मटकीच आठवते. शेवटी 'अभिव्यक्तीचा प्रकार' ठरलं.

न्यू लंडन ग्रुप या अभ्यासकांच्या गटाने १९९६ मध्ये मांडलेले भाषिक, दृश्य, श्राव्य, हावभावांचे आणि अवकाशीय हे पाच प्रकार समजवायला मी ठाणे स्टेशनचा इंडिकेटर आणि वरून होणारी घोषणा घातली होती. मैत्रिणीने संदर्भ मागितला. नव्हता. काढावं लागलं, अजून चुटपुट आहे.

तक्रार एकच, पण मोठी. वाय-फाय संध्याकाळी हमखास झोपतं. एकदा अख्खा परिच्छेद गेला. तेव्हापासून आधी धूळपाटीवर (विकिपीडियाच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) लिहून दर दहा मिनिटांनी जतन करतो. खिडकीजवळचं टेबल पकडा, प्लग तिथेच आहे. पाचपैकी साडेतीन.