एनव्हीडीए: पोरं स्वतः वापरायला लागल्यावरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी दृष्टिहीन मुलांना मी संगणक शिकवते. जूनपासून आमच्याकडे एनव्हीडीए आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. वाचतं चांगलं, त्यात वाद नाही. मला बघायचं होतं ते एवढंच, की मी खोलीबाहेर गेले तरी पोरांचं काम चालू राहतंय का.

राहतंय, आणि त्याचं श्रेय इन्सर्ट अधिक १ ला. हे दाबलं की कुठल्याही बटणाचं नाव आणि काम ऐकू येतं, पण ते काम होत मात्र नाही. काही बिघडायची भीतीच नसल्यामुळे पोरं कीबोर्ड मनसोक्त चाचपतात. दुसरं शिकवायचं ते कंट्रोल, बडबड थांबवायला. बरेच जण हे शेवटी सांगतात. मला ते उलटं वाटतं. गप्प करता येत नाही त्या आवाजाला पोरं वैतागतातच.

खरी परीक्षा आवाज अचानक बंद पडला की. "मॅडम, ह्यो बोलंना झालाय!" बहुतेक वेळा चुकून इन्सर्ट अधिक एस, म्हणजे बोलणं बंद-चालू करणारी बटणं, दाबलेली असतात. मी हात लावत नाही. आधी स्पीकर बघायचा, मग इन्सर्ट अधिक एस पुन्हा पुन्हा दाबायचं, तरी नाहीच तर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून एनव्हीडीए नव्यानं सुरू करायचं. आता मोठी पोरं हे लहानांना सांगतात. गडहिंग्लजचा एक जण तर पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर घेऊन फिरतो. काकांच्या दुकानातल्या संगणकावर इन्स्टॉल न करताच चालवतो.

एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक नावाचा मराठी आवाज यांत्रिक आहे. पालक नाकं मुरडतात, पोरं मात्र वेग इतका वाढवतात की मला एक शब्द कळत नाही.

डोकेदुखी आहे ती नोट्सची. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळावं अशी ठरलेली पद्धत. ती नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं दिसायला मराठी, आतून इंग्रजी अक्षरं. वाचताना नुसतं अगडबगड. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर फोटोच. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. आता पोरं स्वतःच सरांकडे युनिकोड फाइल मागतात, कधी मिळते, कधी नाही.

लॅपटॉपवर घेणार असाल तर सुरुवातीच्या स्वागत खिडकीतच इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉक वापरायचा पर्याय निवडा. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट हे एफएन (Fn) बटणासोबत दाबावं लागतं, आणि लहान बोटांना ते जमत नाही.