वाळूवर की डेकवर? प्रवासातला समुद्रकाठचा योगवर्ग

समुद्रकाठी चार दिवस मुक्काम ठरला की योगाची सवय असलेल्या माणसापुढे हा प्रश्न हमखास येतो. सकाळच्या वर्गाच्या दोन पाट्या दिसतात. एक थेट वाळूवरच्या वर्गाची, आणि दुसरी तिथून शंभर पावलांवर, छपराखालच्या लाकडी डेकवरच्या वर्गाची. समुद्र दोन्हीकडून दिसतो, शिकवणारी व्यक्तीही कित्येकदा एकच असते. मग नाव कुठे नोंदवायचं?

गेल्या काही वर्षांत प्रवासात मी दोन्ही प्रकारचे वर्ग भरपूर केले आहेत. नेमके किती ते मोजलेलं नाही, पण कानातली वाळू काढायचा कंटाळा यावा इतके नक्की. त्यावरून जे मत झालंय ते सांगतो. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही खोटा नाही. आसनं कोणती, पोट रिकामं का ठेवायचं, मॅट कशी निवडायची हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी वाळूबद्दल, कारण पाटी वाचताना मन तिकडेच धावतं.

किनाऱ्यावरची सगळी वाळू सारखी नसते, हे पहिल्याच सकाळी पायांना कळतं. वरची कोरडी वाळू पायाखालून सरकते. वृक्षासनात उभा पाय घोट्यापासून थरथरत राहतो आणि घरी मिनिटभर सहज टिकणारा तोल दहा आकड्यांत सुटतो. पाण्यानं नुकतीच सोडलेली ओली पट्टी फरशीसारखी घट्ट असते, पण तिला उतार असतो. वाळू जाडीभरडी असेल तर किनारा जास्त उतरता, बारीक पिठासारखी असेल तर सपाट पसरलेला. त्यामुळे पैसे भरण्याआधी आदल्या संध्याकाळी एक फेरी अनवाणी मारून यावी.

उताराचं काय एवढं, असं मलाही वाटायचं. पण समुद्राकडे तोंड करून ताडासनात उभं राहिलं की चवडे टाचांपेक्षा खाली असतात, आणि शरीर नकळत मागे रेलून ते भरून काढतं. तासाभरानं कंबर बोलायला लागते. किनाऱ्याला समांतर तोंड केलं तर एक पाय कायम खाली. निदान शवासनात तरी डोकं जमिनीच्या बाजूला ठेवा. मी एकदा उलटा पडलो होतो आणि विश्रांतीऐवजी शीर्षासनाचा कनिष्ठ बंधू अनुभवला.

मनगटांचं दुखणं असेल तर वाळूवर जास्त जपावं लागतं. अधोमुख श्वानासनात तळव्याची मनगटाकडची बाजू आत रुतते, बोटं वर राहतात आणि मनगट नको तितकं मागे वाकतं. उपाय सोपा आहे: सुरुवातीलाच मनगटाखाली येईल अशी मूठभर वाळू ओढून तिचा उंचवटा करायचा आणि मग हात टेकायचे. दर सूर्यनमस्काराला तो मोडतो, हे आलंच. प्रवासासाठी घेतलेली पातळ मॅट इथे निरुपयोगी, तिच्या चुण्या पडतात. जाड सुती चादर आणि चार कोपऱ्यांवर चपला, पाण्याची बाटली वगैरे वजनं, हे बरं पडतं.

आणखी एक. उन्हासाठी क्रीम लावून वाळूवरच्या वर्गाला गेलात तर पाचव्या मिनिटाला हातपाय सँडपेपर झालेले असतात. क्रीम न लावावं, तर कोरडी वाळू अंगावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी साधारण 15 टक्के परत फेकते, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. मी लांब बाह्यांचा सुती सदरा घालतो.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि वर्गाची वेळ मात्र घड्याळाला बांधलेली. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, तिथे आज सकाळी साडेसहाला ओहोटी असेल तर आठवड्यानं त्याच वेळेला जवळजवळ भरती असते. पहिल्या दिवशी जी सपाट घट्ट जमीन बघून तुम्ही पाच दिवसांचे पैसे भरलेत, ती पाचव्या दिवशी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असेल तर वर्ग सरकत सरकत पार झाडांच्या मुळांपर्यंत जातो.

एवढं ऐकून वाळू बाद करू नका. पडायची भीती नसल्यामुळे माणूस तिथे धाडस करतो. मला बकासन, म्हणजे दोन्ही तळहातांवर तोल सावरून पाय उचलणं, वर्षानुवर्षं जमत नव्हतं, कारण समोरची फरशी आणि माझं नाक यांच्यातलं अंतर मनातून जात नव्हतं. वाळूवर तीनदा तोंडावर आपटलो, तोंडात वाळू गेली, बाजूची बाई हसली, आणि चौथ्यांदा दोन्ही पाय उचलले गेले. ते डेकवर झालं नसतं. दुसरं म्हणजे तळपाय. एरवी बुटात झोपलेली बोटं वाळूवर कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी तळव्यात जिथे दुखतं तिथे स्नायू आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. आणि शवासन. पाठीच्या कमानीखाली, मानेखाली, टाचांखाली वाळू आपोआप आकार घेते. तसलं अंथरूण लाकडावर मिळणं शक्य नाही.

डेकबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि तीच बहुधा त्याची खुबी. जमीन सपाट, रोज तीच, मॅट जागेवर राहते. त्रिकोणासनात पाऊल जिथे ठेवलं तिथेच असतं. अय्यंगार पद्धतीत तयार झालेल्यांना ठोकळे, पट्टे, एखादा खांब किंवा कठडा हाताशी लागतो, तो मिळतो. तोटे किरकोळ: छपराखाली डास रेंगाळतात, दव पडलं की फळ्या निसरड्या होतात आणि गर्दी झाली की वीरभद्रासनात पसरलेला हात शेजाऱ्याच्या पोटाला लागतो. काही ठिकाणी स्पीकरवर समुद्राच्या लाटांचं रेकॉर्डिंग लावतात. खरा समुद्र शंभर पावलांवर असताना. असो.

कागदावर पाहिलं तर इथवर बरोबरी आहे. किंबहुना मौजेचा विचार केला तर वाळूच पुढे. माझं पारडं झुकलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीनं: वाळूवर शिकवणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही.

लाटेचा आवाज मोठा असतो असं नाही. आपण आरामात गप्पा मारतो की किनाऱ्यावर. पण ती अखंड खसखस शब्दांतली मऊ व्यंजनं नेमकी गिळते. एका वर्गात बाईंनी इंग्रजीत 'फोल्ड' म्हटलं, मी 'होल्ड' ऐकलं. पंधरा जण पुढे वाकून उत्तानासनात, आणि मी एकटा वीरभद्रासनात हात पसरून, चेहऱ्यावर निर्धार वगैरे आणून उभा. चांगला तीन-चार श्वास.

यात हसण्यासारखं आहेच, पण खरी तक्रार पुढची आहे. ऐकू आलं नाही की माणूस बघतो. श्वानासनात डोकं खाली सोडायचं, तर मी मान वळवून शेजारी काय करतोय ते बघत असतो. डोळे मिटायला सांगितले (तेही ऐकू आलं तर) की एक डोळा किलकिला. तासभर हे केल्यावर मान आखडते, आणि त्याहून वाईट म्हणजे अख्खा वर्ग दुसऱ्यांकडे बघण्यात जातो. जे टाळायला मी योगाच्या वाटेला लागलो होतो, नेमकं तेच.

असं का होतं याचा मी बराच विचार केला. उत्तर शाळेतल्या भूगोलात सापडलं. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, आणि रात्री जमीन गार झाली की जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. घोकले होते सगळ्यांनी. वर्ग असतो पहाटे, मतलई वाऱ्याची झुळूक अजून चालू असताना. शिकवणारी व्यक्ती उभी असते समुद्राकडे पाठ करून, म्हणजे आपल्याला समुद्र दिसावा. तिचा आवाज वाऱ्याच्या उलट दिशेनं आपल्यापर्यंत यायचा असतो, आणि वाऱ्याविरुद्ध निघालेला आवाज वर वळून डोक्यावरून जातो. त्यात लाटा बरोबर तिच्या पाठीशी, म्हणजे बोलणं आणि गोंगाट एकाच बाजूनं. किनारा पूर्वेचा असेल तर उगवता सूर्यही तिच्याच मागे, त्यामुळे ती एक काळी आकृती. डावा हात वर आहे की उजवा, हेही कळत नाही. (किनारा पश्चिमेचा असेल तर दिसतं छान, पण मग सूर्याकडे पाठ करून सूर्यनमस्कार घालावे लागतात. त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही याचं मला नवल वाटतं.)

बाईंनी जमिनीच्या बाजूला उभं राहावं आणि आपण समुद्राकडे पाठ करावी, की प्रश्न मिटला. पण मग समुद्र फक्त बाईंना दिसणार. त्यासाठी कोण पैसे भरणार?

गंमत म्हणजे हा वाद जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योगाला कुठे बसावं ते सांगितलंय: जागा सपाट आणि स्वच्छ असावी, खडे, विस्तव आणि वाळू नसावी, मनाला रुचेल पण डोळ्यांना त्रास देणार नाही अशी असावी, वारा नसलेल्या गुहेसारखा आडोसा असावा. मधेच आवाज आणि पाणी यांचा उल्लेख आहे. काही जण त्याचा अर्थ लावतात की गोंगाट आणि पाणवठा नको, तर काही म्हणतात की पाण्याच्या आवाजानं जागा रमणीय होते. म्हणजे वाळूवाल्यांना आणि डेकवाल्यांना दोघांनाही सोय आहे. पण सपाट, वारा नको, डोळ्यांना त्रास नको आणि वाळू नको, एवढं दोन्ही अर्थांत शिल्लक राहतं, आणि पहाटेचा किनारा या चारही परीक्षांत नापास होतो. पास होतो तो मनाला रुचण्यात, आणि तिथे पहिला नंबर काढतो, हे कबूल.

डेकवर ऐकू काय येतं, ते एकदा लक्ष देऊन ऐका. छपरामुळे आवाज खाली राहतो. शिकवणारी व्यक्ती कुजबुजली तरी शेवटच्या रांगेत पोचतं. डोळे मिटून अख्खा वर्ग करता येतो. आणि मधे सूचना थांबल्या की वीसेक माणसांचा श्वास एकत्र ऐकू येतो, आत, बाहेर, फळ्यांना टेकलेल्या पाठीलाही जाणवेल असा. समुद्र तेव्हाही असतोच, लांबून, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. मला तो तेवढाच पुरतो.

तरीही कुणी वाळूवर जावं? ज्यांना क्रम तोंडपाठ आहे त्यांनी. मैसूर पद्धतीनं करणारे तर खुशाल जावेत, तिथे जो तो आपल्या श्वासावर करतो आणि शिकवणारा जवळ येऊन हातानं दुरुस्त करतो, ऐकण्याचा प्रश्नच कमी. पाच-सहा जणांचा वर्ग असेल आणि अर्धवर्तुळात बसवत असतील तरीही हरकत नाही. एकच सकाळ हाताशी असेल, आणि योगापेक्षा सकाळ महत्त्वाची असेल, तर वाळूच घ्या, मी अडवणार नाही. पण नवखे असाल, पाठ किंवा मनगट कुरकुरतं असेल, किंवा चार-पाच दिवस सलग करायचं असेल तर माझ्या मते डेक. वर्ग संपला की मॅट गुंडाळून ओल्या वाळूवर जाऊन पडायला कुणाची ना नसते. मी शवासन दोनदा करतो, एकदा पैसे भरून आणि एकदा फुकट.

मागच्या वेळी मात्र डेकचा वर्ग भरत आला होता, म्हणून वाळूच्या वर्गाची चौकशी करायला गेलो. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. भरतीची वेळ त्यांना पाठ होती, वर्गात आठच जण असतात म्हणाल्या, जाड चादरीही त्यांच्याकडे होत्या. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग विचारलं, "तुम्ही उभ्या कुठे राहता?"

"समुद्राकडे पाठ करून," त्या हसून म्हणाल्या, "नाहीतर तुमच्या फोटोत लाटा कशा येतील?"

डेकवर शेवटची एक जागा उरली होती, खांबामागची. मी तीच घेतली.